वहिनींचा कंडेन्सर

वहिनी घरी सुरात गात आणि गायनमंडळाच्या हॉलमध्ये बेसूर. मधल्या रस्त्यात नेमकं काय होई, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. रस्ता काही लांब नव्हता. कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान ओलांडायचं, सायकलवाल्याच्या समोरून डावीकडे वळायचं की आला हॉल. सूर सांडावा असा एकही खड्डा वाटेत नव्हता. एक होता, तो नगरपालिकेने चुकून बुजवला होता.

वहिनींचा धंदा पडदे शिवण्याचा. धाकटा दीर त्यांना वहिनी म्हणे, त्याचं ऐकून सगळी गल्ली म्हणू लागली, आणि पुढेपुढे त्यांची सख्खी आईसुद्धा. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचा कारखाना: शिलाईमशीन, कापडाचे तागे, पितळी कड्यांचे डबे आणि डोक्यावर लग्नात आलेला पंखा. मशीनवर बसल्या की वहिनी गायला लागत. चुण्या घालताना संथ, अस्तर जोडताना जलद. गाणं असं, की गिऱ्हाईक खिडक्यांची मापं विसरून जाई. एक बाई तर गाणं ऐकता ऐकता चार खिडक्यांचे पडदे सांगून बसल्या. घरी खिडकी एकच. पडदे तयार झाल्यावर त्यांनी नवऱ्याच्या मागे लागून उरलेल्या तीन खिडक्या भिंतीत पाडून घेतल्या. हे खोटं वाटत असेल त्याने गवंड्याला विचारावं.

आणि अशा या वहिनी हॉलमध्ये तोंड उघडत, तेव्हा शेजारच्या बायका हळूच एक पाऊल बाजूला सरकत.

गायनमंडळाच्या मास्तरांनी त्यांना शेवटच्या रांगेत, दाराजवळ उभं केलेलं होतं. "तुम्ही मनापासून गाता," ते म्हणत, "तेव्हा मनातच गा." वर्षाच्या कार्यक्रमात मोठ्या गाण्याचं मधलं कडवं एकटीने म्हणायचं असे. ते दर वर्षी दातांच्या डॉक्टरीणबाईंना मिळे. त्यांचा गळा बरा होता आणि मास्तरांची कवळीही त्यांनीच बसवून दिली होती.

"घरी या नि ऐका एकदा," वहिनी किती वेळा म्हणाल्या असतील.

"घरी सगळेच गवई असतात," मास्तर म्हणायचे, आणि बायका हसायच्या. वहिनीही हसायच्या. घरी येऊन मात्र मखमलीवर कात्री अशी चालवायच्या की मखमल बिचारी हबकून जायची. त्यांना कडवं हवं होतं, हे तर होतंच. पण त्याहून जास्त हवं होतं ते हे, की घरचा गळा एकदा तरी बाहेरच्या कानांवर पडावा. आपण थापा मारत नाही एवढं त्या हॉलला कळावं.

त्या वर्षी डॉक्टरीणबाईंच्या वशिल्याची कुजबुज फारच वाढली, तेव्हा मास्तरांनी जाहीर केलं: या खेपेला कडवं आवाज ऐकूनच द्यायचं. प्रत्येकीने घरी गाऊन रेकॉर्डिंग पाठवायचं. नाव नाही, गाव नाही. नुसता गळा, साथीला बारीकसासुद्धा सूर ऐकू आला तर बाद. "आणि मोबाइलवर रेकॉर्ड करू नका. मोबाइलमध्ये सगळ्यांचे आवाज बादलीतून आल्यासारखे येतात. चांगल्या कंडेन्सर माइकवर करा."

वहिनी घरी आल्या त्या जवळजवळ पळतच. दीर स्वयंपाकघरात चहा पीत बसला होता. हा पेशाने वायरमन. गल्लीतले निम्मे दिवे त्याच्यामुळे चालत आणि उरलेले निम्मे त्याच्यामुळेच बंद असत.

"भावजी, मला कंडेन्सर घ्यायचाय."

"घ्यायचा कशाला? माझ्या पिशवीत पडलाय एक." त्याने खरोखरच पिशवीतून पांढरी, दोन वायरींची डबी काढून टेबलावर ठेवली. "पंख्याचा ना?"

"माइकचा!"

"माइकला कंडेन्सर कशाला? माइक काय गरगर फिरतो?"

"कंडेन्सर माइक म्हणतात त्याला. आवाज स्पष्ट येतो म्हणे."

वायरमनने विचार केला. "मग एकत्र घेऊ नका, गळ्यात मारतात. नुसता माइक घ्या. कंडेन्सर मी घरी बसवून देतो."

आतल्या खोलीत वहिनींचे यजमान प्रुफं वाचत होते. त्यांची नोकरीच छापखान्यात चुका शोधायची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून काढून घरी आल्यावर कोणाचीच चूक काढायची इच्छा त्यांना उरत नसे. त्यांनी फक्त पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी आणि वायरमन वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानदार बारीक आवाजाचा, कानात कापसाचे बोळे घातलेला. गिऱ्हाइकं दिवसभर ढोलकी ठोकून बघतात, त्यामुळे.

त्याने काचेच्या कपाटातून पहिला माइक काढला, तो मखमली पेटीत झोपवलेला. किंमत ऐकून वहिनी स्टुलावर बसल्या. दुसऱ्याची किंमत ऐकून उठल्या, पण हात स्टुलावरच ठेवला.

"हा घेतलात तर बरोबर हा डबाही घ्यावा लागेल," दुकानदार म्हणाला. "कंडेन्सर माइकला वीज लागते, ती यातून जाते. फँटम पॉवर."

"फँटम म्हणजे?" वहिनींनी विचारलं.

"भूत."

वायरमन पुढे सरसावला. "भुताची वीज? अहो शेठ, मी इतकी वर्षं वायरिंग करतोय, एकाही भुताला कनेक्शन दिलेलं नाही. मीटर कोणाच्या नावावर असतो?"

"ज्या तारेतून आवाज येतो, तिच्यातूनच वीज जाते. दिसत नाही म्हणून तसं म्हणतात."

"वीज कुठली दिसते!"

"भावजी, गप बसा." वहिनींनी तिसऱ्या माइककडे बोट केलं. "आणि हा?"

"हा पुढचंच ऐकतो. मागचं सोडून देतो."

"आमच्या ह्यांना पुढचंही सोडून द्यायची सवय आहे. आधीच्या दोन माइकांत नि यात फरक किती?"

दुकानदाराने किमतीतला फरक सांगितला. वहिनींनी मग स्वतःच परीक्षा घ्यायचं ठरवलं. पर्समधून त्यांनी कापडाचे दोन तुकडे काढले, एक मखमलीचा, एक मांजरपाटाचा. ते त्यांच्याजवळ कायम असत, इतर बायकांजवळ रुमाल असतो तसे. हेडफोन कानाला लावून एकेका माइकपुढे त्यांनी आधी मखमल चोळली, मग मांजरपाट. मखमली पेटीतल्याला फरक कळला. मधल्या दोघांना नुसता अंदाज आला. आणि तळाच्या फळीवर, बिनपेटीचा, जाळी जराशी चेपलेला एक स्वस्तातला माइक होता, त्याला मखमल कळली, मांजरपाट कळलं, आणि मांजरपाट एकदा धुतलेलं आहे हेसुद्धा कळलं.

"हाच," वहिनी म्हणाल्या.

"बाई, सांगायचं काम माझं," दुकानदार बोळा काढून म्हणाला. "महागडा माइक आब राखून असतो. काय ऐकावं नि काय ऐकू नये ते त्याला समजतं. हा सगळंच ऐकतो."

"ऐकू दे की. ऐकायलाच घेतेय."

माइक, डबा, तार आणि उभी दांडी घेऊन दोघं घरी आले. खोली तर आयतीच तयार होती. वहिनींनी चारी भिंतींवर जाड अस्तराचे पडदे सोडले, दारावर दुहेरी मखमल लावली, आणि खोली अशी शांत झाली की वायरमन शिंकला ती शिंक त्याच्या नाकाबाहेरच येईना. त्याने भुताची वीज चालू केली. डब्यावर लाल दिवा लागला. वहिनींनी डोळे मिटले आणि कडवं म्हटलं. काय म्हटलं! खालच्या पट्टीतून वर गेल्या त्या जिना नसताना, आणि खाली आल्या त्या पाय न वाजवता.

मग त्यांनी ते ऐकलं. गळा सुरेख आला होता. पण बरोबर बाकीचंही सगळं आलं होतं. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांचे गुडघे आले होते. साखरेच्या डब्याकडे निघालेल्या मुंग्या आल्या होत्या आणि वाटेत त्यांचं काहीतरी बिनसलं होतं, तेही आलं होतं. आतल्या खोलीत यजमानांनी प्रुफात एक चूक पाहून ती तशीच सोडून दिली, तो सुस्कारा स्पष्ट होता. हे सगळं चालण्यासारखं होतं. मुंग्यांना कोणी साथ म्हणणार नाही. पण या सगळ्यांच्या खाली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकसारखा एक सूर लागलेला होता: घूंऽऽऽ.

"हे कोण?" वहिनी म्हणाल्या.

दोघांनी वर पाहिलं. पंखा आपला सावकाश फिरत होता.

"साथ म्हणून बाद करतील हो मास्तर! बंद करा तो."

पंखा बंद केला आणि वहिनी पुन्हा गायल्या. पडदे, अस्तर, मखमल, सगळं तेच. गाणं ऐकताना वायरमनने चेहरा शक्य तितका सरळ ठेवला. तरी भुवई हललीच.

"काय झालं?"

"काही नाही. उकाडा फार आहे ना, सूर जरा... पातळ झाला."

वहिनींनी स्वतः ऐकलं. हॉलमधली ती बाई, शेवटच्या रांगेतली, दाराजवळची, आज त्यांच्या घरात येऊन गात होती. परत म्हटलं, पाणी पिऊन म्हटलं, उभ्याने म्हटलं, मशीनवर बसून म्हटलं. दर खेपेला तीच बाई. इतक्या वर्षांत त्या घराने असा आवाज ऐकला नव्हता. वहिनी कड्यांच्या डब्यावर बसल्या. "भावजी, माइकनं माझा गळा खाल्ला."

"माइक कशाला खाईल? घामाने होतं असं. पंखा पाहिजे, पण पंख्याचा आवाज नको, एवढंच ना?" वायरमनच्या चेहऱ्यावर उजेड पडला. तसा तो क्वचितच पडे, त्याच्या वायरिंगसारखा. "अहो, पंख्याचा कंडेन्सर गेलाय. म्हणून तो रडत फिरतो. मी काल काय म्हणत होतो? कंडेन्सर बदला! तुम्ही उगाच माइक घेऊन बसलात."

स्टूल घेतलं, पंख्याची टोपी खाली केली, जुनी काळपट डबी काढली आणि कालची पांढरी डबी बसवली. बटण दाबताच पंखा सणकन फिरला, आणि आवाज म्हणाल तर शपथेला नाही. पडदे झुलले. वहिनींचा जीव भांड्यात पडला. "भावजी, तुमच्या तोंडात साखर पडो," त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या. चहा पिऊन वायरमन एका तातडीच्या कामाला निघून गेला. जुनी डबी त्याने पिशवीत टाकली. तो काही टाकून देणाऱ्यांतला नव्हता.

वहिनी गार वाऱ्यात उभ्या राहिल्या, लाल दिवा लावला आणि गायल्या.

ती बाई अजून घरातच होती.

तीन-चारदा गाऊन झाल्यावर दारावरची मखमल बाजूला झाली आणि यजमान आत आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"अगं, सूर पंख्याचा होता."

"काय?"

"तू पंख्याला धरून गायचीस. तो घूं करायचा, त्याच्यावर तू उभी राहायचीस. हॉलमधल्या पंख्याला आवाज नाही, म्हणून तिथे तू..." ते योग्य शब्द शोधत थांबले, आणि सापडलेला शब्द त्यांनी खोडून टाकला.

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"आणि बोलला नाहीत!"

"मला वाटलं, तुलाही माहीत असेल."

वहिनींनी त्यांच्याकडे जे पाहिलं, ते माइकने टिपलं असतं तर माइक जळला असता. पण भांडायला वेळ नव्हता. रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचायला हवं होतं. सकाळी उठल्याउठल्या त्यांनी दिराला फोन लावला.

"भावजी, माझा जुना कंडेन्सर आणा. आत्ता."

"कुठला?"

"काल काढलात तो! त्यात माझा सूर आहे!"

पलीकडून वायरमनने आधी पंखा कसा चालतोय ते विचारून घेतलं.

"वहिनी, रागवू नका. काल ते तातडीचं काम होतं ना, ते हॉलमधलं होतं. मास्तरांच्या डोक्यावरचा पंखा बंद पडला होता. नवा कंडेन्सर तुम्हाला लावला होता, मग पिशवीत एकच उरला..."

"म्हणजे माझा सूर हॉलमध्ये टांगून आलात?"

"चालतोय पण मस्त! मास्तर खूश आहेत. मी नवाच टाकला असं सांगितलंय, तेव्हा तेवढं जरा..."

"काढून आणा."

"कसा आणू? मास्तर पहाटेपासून त्याच्याखालीच बसलेत. रेकॉर्डिंगं ऐकायचीत म्हणे सगळी, पंख्याशिवाय जमत नाही त्यांना."

वहिनींनी फोन ठेवला. त्यांच्याजवळ आता दोन तऱ्हेची रेकॉर्डिंगं होती. एक पंख्यासकटचं, सुरेल आणि नियमाने बाद. बाकीची सगळी बिनपंख्याची किंवा मुक्या पंख्याची, नियमात बसणारी आणि बेसूर. नियमातलं पाठवलं तर शेवटची रांग जन्माची पक्की. बाद व्हायचंच असेल तर निदान आपल्या गळ्यानं बाद व्हावं. त्यांनी पहिलं रेकॉर्डिंग पाठवून दिलं, मुंग्यांसकट, आणि मशीनवर बसून मुकाट्याने कोणाच्या तरी बैठकीच्या पडद्यांना अस्तर जोडत राहिल्या. गायल्या नाहीत.

इकडे हॉलमध्ये मास्तर पंख्याखाली खुर्ची टाकून बसले होते. पंखा घूंऽऽऽ करत होता. मास्तरांना तो ऐकू येत नव्हता, कारण आपला कान फार तीक्ष्ण आहे अशी त्यांची खात्री होती, आणि तीक्ष्ण कानाचा माणूस पंखा ऐकत बसत नाही. त्यांनी पहिलं रेकॉर्डिंग लावलं. कोणीतरी छान, स्वच्छ, स्वतःच्या पट्टीत गात होतं, आणि पंख्याच्या घूंशी त्याचं असं काही वाजत होतं की मास्तरांची कवळी हलली. "बेसूर," त्यांनी शेरा मारला. दुसरं लावलं. तेही बेसूर. तिसऱ्याला त्यांनी कपाळाला हात लावला. डॉक्टरीणबाईंचा आवाज त्यांनी लगेच ओळखला, आणि ओळखल्याचं दुःख झालं. इतक्या वर्षांच्या शिकवणीवर असं पाणी पडलेलं बघून त्यांना गहिवरून आलं.

मग वहिनींचं रेकॉर्डिंग लागलं. आतला घूं आणि वरचा घूं असे एकमेकांत मिसळले, जसं दुधात दूध. साथ कुठली आणि छत कुठलं, कळायला मार्ग नव्हता. आणि त्या एकाच सुरावर तो गळा असा चढत गेला की मास्तर खुर्चीतून अर्धवट उठले आणि कडवं संपेपर्यंत तसेच अर्धवट राहिले. कंबर पुढे आठवडाभर दुखत होती.

"ही!" ते रिकाम्या हॉलला म्हणाले. "नुसता गळा! साथीचा टिपूस नाही!"

नाव कळल्यावर त्यांनी ते दोनदा विचारलं. संध्याकाळी सगळ्यांना बोलावून घेतलं आणि वहिनींना दाराजवळून पुढे आणून थेट पंख्याखाली उभं केलं. डॉक्टरीणबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. "आता इथे म्हणा," मास्तर म्हणाले. "कोणाकडून तरी गाऊन घेतलंय असं माझ्या मागे कोणी म्हणायला नको."

वहिनींनी वर पाहिलं. वरून आपलं माणूस बोलावं तसा तो बोलला: घूंऽऽऽ.

त्या गायल्या. शेजारच्या बायकांनी सवयीने एक पाऊल बाजूला टाकलं होतं, ते त्यांनी कडवं संपायच्या आत परत घेतलं. डॉक्टरीणबाईंची हाताची घडी सुटली आणि बराच वेळ त्या हातांचं काय करावं ते त्यांना सुचेना.

वहिनींचं मन त्यांना खाऊ लागलं. बायका पांगल्यावर त्या मास्तरांजवळ गेल्या. "मास्तर, खरं सांगू का? माझ्या रेकॉर्डिंगमध्ये पंख्याचा सूर होता. आत्ताही मी या पंख्याच्याच सुरात गायले."

मास्तरांनी वर पाहिलं, कान दिला, आणि मान हलवली. "कसला सूर? वायरमनने नवाकोरा कंडेन्सर टाकलाय. आवाज शपथेला नाही. बाई, तुम्ही विनय दाखवता तो ठीक आहे, पण माझ्या कानाला शिकवू नका."

दारात उभ्या असलेल्या वायरमनने बुटाची नाडी बांधायला घेतली. पायांत चपला होत्या.

कार्यक्रम आला तो ऐन थंडीत. हॉल भरला. लोक स्वेटर, शाली, कानटोप्या घालून बसले होते आणि तोंडातून वाफा येत होत्या. मधलं कडवं आलं तशा वहिनी पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "पंखा लावा."

लोकांना वाटलं, बाईंना घाम फुटलाय. वायरमन बटणापाशीच उभा होता. पंखा सुरू झाला. पहिल्या रांगेने शाली डोक्यावरून घेतल्या. दुसऱ्या रांगेत एका गृहस्थांनी बायकोच्या पर्समध्ये हात घातला, तो उबेसाठी. वहिनी गायल्या, आणि गाणं संपलं तेव्हा टाळ्या अशा पडल्या की थांबेचनात. काहींना गाणं आवडलं होतं, काहींना हात गरम करायचे होते, पण मोजायला कोण बसलंय?

घरी मात्र आता उलटं झालं. नव्या कंडेन्सरने पंखा मुका, त्यामुळे मशीनवर बसून वहिनी गायल्या की पडदे सांगायला आलेली गिऱ्हाइकं भराभर मापं देऊन पळतात. जुना कंडेन्सर परत आणू का, असं वायरमनने एकदा विचारलं. "खबरदार हात लावलात तर," वहिनी म्हणाल्या. माइक त्यांनी विकला नाही. मखमलीत भेसळ आहे का ते तो पाहून देतो.

आणि यजमान? ते कधी हॉलमध्ये पाऊल टाकत नसत. घरबसल्या ऐकायला मिळत होतं, जायचं कशाला? आता ते दर तालमीला मफलर गुंडाळून जातात आणि शेवटच्या रांगेमागे, दाराजवळ, प्रुफांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसतात. परवा वहिनींनी विचारलंच, "कसं झालं हो?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि शोधलं.

"चूक नाही," ते म्हणाले.